शेवटचे दोन आटे

शेजारची अकरावीतली मुलगी एका रविवारी सकाळी ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा आणि वहीच्या पानावर काढलेली आकृती घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ‘आजोबा, एवढी एक रिंग करून द्याल?’

तिनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी मिळून एक दुर्बीण बनवली होती. आरसासुद्धा काचेवर काच घासून हातानं केलेला. आता त्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून चंद्राचे फोटो काढायचे होते. पण बाजारात मिळणारी रिंग त्यांच्या घरगुती नळीला बसत नव्हती. आकृती नेटकी होती. एका बाजूला नळीत सरकणारा गुळगुळीत भाग, मध्ये कॉलर आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याकडे जाणारे आटे. व्यास ४२ मिलिमीटर, आट्याची पिच पाऊण मिलिमीटर. कॅमेऱ्याची कडी कॉलरला अगदी चिकटून बसली पाहिजे, असं खाली दोन रेघा मारून लिहिलेलं.

मी जन्मभर लेथवर काम केलेला माणूस. आधी टर्नर, मग सेक्शनचा सुपरवायझर. निवृत्त झाल्यावर कुणी बागकाम करतं, कुणी हरिपाठ म्हणतं. मी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातून एक जुना टेबल लेथ उचलून आणला आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण गल्लीतल्या कुणाच्या मिक्सरचा बुश, कुणाच्या झोपाळ्याची पिन, असं काही ना काही चालू असतं. तेव्हा रिंगेकडे पाहून मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘संध्याकाळी घेऊन जा.’

संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या ठोकळ्याची मी माती करून ठेवली होती.

काय झालं ते सांगण्याआधी आटे म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. बाटलीच्या टोपणाला, नळाच्या तोटीला, नटबोल्टला जी गोल गोल चढत जाणारी खाच असते, ते आटे. लेथवर ते पाडताना जॉब चकमध्ये धरून फिरवायचा आणि टोकदार टूल त्याच्या कडेनं सरकवत न्यायचं. जॉब एक फेरा फिरला की टूल नेमकं एका पिचइतकं पुढं सरकलं पाहिजे. माझ्या रिंगेच्या बाबतीत पाऊण मिलिमीटर. जरा कमी नाही, जरा जास्त नाही. लेथच्या पुढच्या बाजूला एक लांब स्क्रू असतो, त्याला लीडस्क्रू म्हणतात. तो आणि जॉब फिरवणारा स्पिंडल गिअरच्या दात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. एक हलला की दुसरा हललाच. हेन्री मॉडस्ले नावाच्या इंग्रज कारागिरानं १८०० च्या सुमारास ही जोडणी धातूच्या लेथवर पक्की करून दाखवली. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांची मापं ठरवून द्यावीत असं सुचवलं. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसेल याची काही खात्री नसे.

आता माझ्या लेथची गोष्ट. त्याचा लीडस्क्रू इंची मापाचा आणि रिंग मिलिमीटरची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. या २५.४ ला पाचानं गुणलं की १२७ होतात, म्हणून इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर घालतात. १२७ ही मूळ संख्या. तिला कशानंच भाग जात नाही, त्यामुळं हा गिअर लहान करता येत नाही. तेवढा भलाथोरला गिअर मी घातला. इथवर सगळं ठीक होतं.

पण अशा वेळी आणखी एक पथ्य असतं. लीडस्क्रूला धरून ठेवणारा हाफ नट एकदा मिटला की काम पुरं होईपर्यंत उघडायचा नाही. उघडला तर पुढच्या खेपेला टूल आधीच्याच खाचेत जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे प्रत्येक खेपेला टूल शेवटाला पोचलं की मोटर बंद करायची, टूल मागं घ्यायचं, मोटर उलटी चालवून सुरुवातीला यायचं, थोडं खोल शिरायचं आणि पुन्हा निघायचं. अशा पंधराएक खेपा.

टूलनं थांबायचं कुठं? तर आटे संपतात आणि कॉलर सुरू होते, त्या सांध्यात एक बारीक गोल खाच आधीच कापून ठेवतात. माझ्या रिंगेत त्या खाचेला जागा होती दीड मिलिमीटर. म्हणजे बरोबर दोन फेरे. माझा लेथ कितीही हळू चालवला तरी सेकंदाला एक फेरा घेतोच, आणि मोटर बंद केल्यावर चक आपल्याच वजनानं कधी एक, कधी दीड, तर कधी दोन फेरे घेऊन थांबतो. त्याची लहर. पहिल्या सहा-सात खेपा नीट गेल्या. आठव्या खेपेला रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. माझं बोट बटणावर पडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला असेल. टूल कॉलरवर जाऊन धडकलं, त्याचं टोक तुटलं आणि रिंग चकमधून निसटून पत्र्यावर आदळली.

मुलगी काही बोलली नाही. वाकड्या झालेल्या रिंगेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘असू दे आजोबा. मी दुसरा तुकडा बघते.’ तिनं मला असं सांभाळून घेतलेलं मला फार लागलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कट्ट्यावर गप्प बसून होतो. आत आमची ही नातीचा फ्रॉक शिवत होती. पायमशीनचा तो खडखडाट मी गेली पंचेचाळीस वर्षं ऐकतोय. ऐकता ऐकता तो थांबला. मी सहज वळून पाहिलं. ती गळ्याच्या कोपऱ्याशी आली होती. पाय तिनं पायट्यावरून उचलला होता आणि उजव्या हातानं मशीनचं चाक स्वतः फिरवत होती. एक टाका. आणखी एक टाका. सुई कापडात रुतलेली ठेवून तिनं कापड वळवलं, दाब खाली घेतला आणि पाय पुन्हा पायट्यावर ठेवला. खडखडाट सुरू झाला.

तुमच्याही घरी हे दृश्य तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं. पण त्या रात्री मला ते पाहून एक पोरगा आठवला.

साल १९८७. कारखान्यात माझ्या सेक्शनला आयटीआय झालेला एक शिकाऊ पोरगा होता. वीसेक वर्षांचा, गडहिंग्लजकडचा, अंगानं किरकोळ. आमच्याकडे त्या वेळी गनमेटलच्या बॉड्यांचं काम होतं. आत बंद भोक आणि त्या भोकात तळापर्यंत आटे. माझ्या रिंगेसारखाच प्रकार, फक्त आतल्या बाजूनं. म्हणजे टूल कुठवर पोचलं ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्याला दिलेल्या लेथचा ब्रेक झिजलेला होता. पायानं दाबला तरी चक जागच्या जागी थांबत नसे.

एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला. ‘साहेब, शेवटचं दोन आटं हातानं फिरवून घेतो की. माझी आई कोपऱ्यावर आली की शिवणमशीनचं चाक हातानंच फिरवती.’

एका जॉबला किती मिनिटं, ते वरून ठरून आलेलं होतं. हातानं फिरवायचं म्हणजे प्रत्येक जॉबमागं वेळ वाढणार आणि त्याचा जाब मला विचारला जाणार. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘हा कारखाना हाय गड्या, तुझ्या आईचं शिवणमशीन न्हवं.’ सगळे हसले. तोही ओशाळून हसला आणि लेथकडं गेला.

त्या महिन्यात त्याच्या हातून तीन बॉड्या वाया गेल्या. चौथी गेली तेव्हा मी कागद लिहिला. ‘कामात लक्ष नाही.’ खाली माझी सही. ब्रेक झिजल्याचं मला ठाऊक होतं. तो बदलून घ्यायचा तर लेथ दोन दिवस बंद ठेवावा लागला असता, म्हणून मी ते पुढं ढकलत होतो. ते मात्र कागदात लिहिलं नाही. शिकाऊ मुदत संपल्यावर त्याच्या बरोबरीच्या दोघांना ठेवून घेतलं, त्याला नाही.

पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मधल्या काळात तो मला कधी आठवला असेन असं खोटं सांगणार नाही. आठवला तो माझ्याच हातून कॉलर धडकली तेव्हा. माझ्या वेळी निदान सगळं डोळ्यांसमोर होतं, घाई नव्हती, कागद लिहिणारा कुणी नव्हता. तरीही धडकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेथला हातानं फिरवायचं हँडल करायला घेतलं.

नुसता चक हातानं धरून फिरवता येत नाही का? येतो. पण दर पाव फेऱ्याला हात बदलावा लागतो, तेवढ्यात कापणं थांबतं आणि आट्यावर डाग पडतो. शिवाय हात चकच्या जबड्यांजवळ आणि टूलच्या टोकाजवळ जातो, ते वेगळंच. आणखीही एक युक्ती आहे. टूल उलटं लावून लेथ उलटा फिरवायचा आणि कॉलरकडून बाहेरच्या बाजूला आटे पाडत यायचं, म्हणजे धडकायचा प्रश्नच नाही. पण माझ्या जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनीच बसवलेला आहे. उलट्या फिरण्यात टूलचा जोर आला की तो सैल होऊन बाहेर यायचा. तेव्हा हँडलच बरं.

लेथचा स्पिंडल आरपार पोकळ असतो. चकच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडं, त्याचं भोक उघडं असतं. त्यात घट्ट बसेल असं काही घालायचं आणि त्याला हँडल लावायचं. पण स्पिंडलला भोक पाडून स्क्रू मारायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच. घट्ट बसलं पाहिजे आणि काम झालं की निघालंही पाहिजे.

याचं उत्तर सायकलमध्ये आहे. सायकल पडून हँडल वाकडं झालं की आपण काय करायचो? वरचा लांब बोल्ट सैल करायचा, त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, हँडल सुटायचं. सरळ करून बोल्ट आवळला की पुन्हा पक्कं. नळीच्या आत बोल्टच्या शेवटाला एक पाचर असते. बोल्ट आवळला की ती वर ओढली जाते आणि आतून दाब देऊन नळीला आवळून धरते. काही सायकलींत ही पाचर म्हणजे तिरकस कापलेला तुकडाच असतो. मी तीच कल्पना उचलली.

माझ्या स्पिंडलचं भोक २५ मिलिमीटरचं. साध्या पोलादाची सळई घेऊन ती अलगद आत सरकेल इतकी, २५ ला थोडी कमी, अशी कातली. लांबी चार इंच ठेवली. आधी मधोमध पावणेसात मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं. हे भोक कापण्याआधीच पाडायचं, नाहीतर नंतर दोन्ही तुकड्यांतली भोकं एका रेषेत येत नाहीत. मग एका टोकापासून इंचभर सोडून हॅकसॉनं सळई तिरकी कापली. कापलेल्या दोन्ही तोंडांवर कानस मारून ती एकमेकांवर सपाट बसतील अशी केली. लहान तुकड्यात आठ मिलिमीटर बोल्टचे आटे टॅपनं पाडले. मोठ्या तुकड्यातलं भोक दहापर्यंत मोठं केलं. लहान तुकड्याला बाजूला सरकायला मोकळीक मिळाली पाहिजे म्हणून. लांब बोल्ट मोठ्यातून घालून लहानात आवळला की तिरक्या तोंडावरून लहान तुकडा कडेला घसरतो आणि दोघं मिळून स्पिंडलच्या आतल्या भिंतीला घट्ट धरतात. बोल्ट सैल केला, डोक्यावर एक ठोका दिला की सुटतात. सायकलसारखंच.

बाहेर राहिलेल्या टोकाला एक पट्टी लावली. भंगारातली पाव इंच जाडीची पट्टी, भोकापासून भोकापर्यंत सहा इंच. पट्टीच्या एका टोकाचं भोक सळईवर बसवून वेल्डिंग करून घेतलं, दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ बोल्टभोवती मोकळी फिरायला हवी, नाहीतर दहा फेऱ्यांत तळहात सोलून निघतो. लाकूड कुठून आणायचं, या विचारात स्वयंपाकघरात गेलो तर एका बाजूची मूठ मोडलेलं सागवानी लाटणं कोपऱ्यात पडलं होतं.

‘ते मी टाकणारच होते,’ ही म्हणाली. ‘पण तुम्ही विचारताय म्हटल्यावर आता द्यावंसं वाटत नाही.’

दिलं अखेर. त्याच्या धडातून चार इंच कापून भोक पाडलं, वॉशर घातले, तेलाचे दोन थेंब सोडले. दीड दिवसात हँडल तयार झालं.

इथं एक गोष्ट घरात लेथ, ड्रिल असं काही ठेवणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. हे हँडल स्पिंडलला लावलेलं असताना चुकून मोटर चालू झाली तर तो लोखंडी हात गरगर फिरेल आणि समोर येईल त्याला मारेल. वेग जास्त असेल तर सुटूनही येईल. म्हणून मी पट्टा काढून ठेवतो आणि बोर्डातून प्लग उपसून काढतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लेथच्या वायरीचा तो प्लग मी हँडलच्या खिळ्यालाच अडकवायची सवय ठेवली आहे. एक खिळा, त्यावर दोनांपैकी एकच. हँडल खिळ्यावरून निघालं की प्लग तिथं जायचा आणि प्लग हवा असेल तर हँडल आधी परत जागेवर यायचं.

मुलगी दुसरा तुकडा घेऊन आली. या वेळी मी तिला म्हटलं, ‘थांब इथंच, बघ.’

रिंग कातून झाली, खाच कापून झाली. मोटर बंद केली, पट्टा काढला, प्लग खिळ्यावर गेला. गिअर होते तसेच जोडलेले. हँडल लावलं, हाफ नट मिटला आणि फिरवायला सुरुवात केली. शेडमध्ये एकदम शांतता. मोटरची घरघर नाही, पट्ट्याचा फटफटाट नाही. नुसती गिअरांची टकटक आणि ॲल्युमिनियम कापलं जातानाची सरसर. रॉकेलचा थेंब टाकत होतो, केसासारखी बारीक तार टूलवरून उलगडत येत होती.

जन्मभर या कामात घालवूनही एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. टूल कापतंय कसं ते हाताला कळतं. धार चांगली असली की हँडल लोण्यातून फिरल्यासारखं फिरतं. टोकावर कीस चिकटला की लगेच जड लागतं. मोटरला यातलं काहीच जाणवत नाही. ती चांगल्या धारेलाही तेवढ्याच जोरानं फिरवते आणि बोथटालाही. तक्रार करते ती एकदम तुटल्यावरच.

आठ फेरे झाले की टूल खाचेशी येई. मग मी हात सावकाश करी. नववा फेरा. दहाव्याचा अर्धा. टूल खाचेत मोकळं झालं की हाताचा भार एकदम हलका होतो. तिथं थांबायचं. कॉलर टूलपासून अर्धा मिलिमीटर दूर, आणि ती तशीच राहणार, कारण मी थांबलो की सगळंच थांबतं. रस्त्यावरून कुणी हाक मारो की घंटा वाजवो. मग टूल मागं, हँडल उलटं फिरवत सुरुवातीला यायचं, तीन शतांश मिलिमीटर आत, पुन्हा पुढं.

पाच-सहा खेपांनंतर मी तिला विचारलं, ‘फिरवतेस?’

तिनं आधी दोन्ही हातांनी धरलं. मी टूल सांभाळत होतो, ती फिरवत होती. पहिल्या खेपेला घाबरून फार आधी थांबली. दुसऱ्या खेपेला बरोबर खाचेत. तिसऱ्यानंतर मी सांगायचंच बंद केलं. पंधरा खेपा, जायचे-यायचे धरून तीनशे फेरे. घड्याळात पाहिलं तर चहाची वेळ सोडून पाऊण तास लागला होता. मोटरनं वीस मिनिटांत झालं असतं. म्हणजे न धडकता झालं असतं तर.

कानशीनं आट्यांची कड हलकेच मोडली, ब्रशनं कीस झटकला. तिनं कॅमेऱ्याची कडी पिशवीतून काढली आणि रिंगेवर फिरवली. कुठं अडली नाही, कुठं खुळखुळली नाही. फिरत फिरत कॉलरला टेकली आणि थांबली. दोघींच्या मध्ये कागदसुद्धा शिरला नसता.

कारखाने हातानं चालवावेत असं माझं म्हणणं नाही. हजारो बोल्टना आटे पाडायचे तर मोटरच हवी. हल्ली संगणकावर चालणारे लेथ आलेत, ते कॉलरपाशी नेमके थांबतात, त्यांना ना घाई ना दमणूक. सरळ शिवण पायानंच मारायची असते. सगळा फ्रॉक हातानं चाक फिरवून कुणी शिवत नाही. पण कोपरा आला की पाय उचलायचा, हे शिवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. ते त्या पोरालाही ठाऊक होतं. सेक्शनमध्ये सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं.

तो आज साठीच्या जवळ आला असेल. कुठं असतो, काय करतो, मला माहीत नाही. जुन्या दोघा-तिघांना फोन करून विचारलं. कुणाला त्याचं नावसुद्धा धड आठवेना. मला आठवलं. कागदावर मीच लिहिलं होतं ना.

हात पुसता पुसता मुलगी म्हणाली, ‘आजोबा, हे हातानं फिरवायचं तुम्हांला कुणी शिकवलं?’

‘आमच्या सेक्शनला एक पोरगा होता,’ मी म्हणालो. ‘त्यानं.’